खंजिरीतलं कातडं कुठं गेलं? कीबोर्डचं ड्रम किट आतून

मागच्या हिवाळ्यात चिमूर तालुक्यातल्या एका गावी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम होता. मंडळाचा खंजिरीवाला ऐनवेळी तापाने पडला आणि मला निरोप आला, 'तुझ्या कॅसिओवरच वाजव.' आमच्याकडे कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, तो कॅसिओच. मी स्टँडर्ड किट लावलं, टॅम्बोरिनची, म्हणजे विलायती खंजिरीची पट्टी शोधली आणि भजनी ठेका धरला. दोन भजनं झाली. शेजारी बसलेले म्हातारे बुवा माझ्याकडे न बघताच म्हणाले, 'झांजा वाजून रायल्या रे बाबू. कातडं कुठं गेलं?'

प्रश्न अगदी बरोबर होता. खंजिरीच्या एका थापेत दोन आवाज असतात, कातड्याचा 'धप्' आणि कडेच्या झांजांचा 'छन्न'. किटमधला टॅम्बोरिन बहुतेकदा नुसता छन्न. खंजिरी म्हटलं की महाराजच डोळ्यांपुढे येतात अशा गावात ही चोरी लपत नाही. त्या रात्रीनंतर मी किटच्या मेन्यूत शिरलो. महिनाभर चाचपडलो, दोनदा सगळं पुसून बसलो. त्यातून जे उमगलं ते सांगतो. एक गोष्ट आधीच कबूल करतो. 'चांगलं किट' शोधण्यात माझी दोन वर्षं गेली होती, आणि काम झालं ते चार पट्ट्या दुरुस्त केल्यावर.

किट म्हणजे मिसळणाचा डबा

हार्मोनियमचा किंवा पियानोचा टोन लावला तर सगळ्या पट्ट्यांखाली एकच वाद्य असतं, फक्त स्वर चढत जातो. ड्रम किटचं तसं नाही. तो मिसळणाचा डबा आहे: एका वाटीत हळद, दुसरीत तिखट, तिसरीत मोहरी. प्रत्येक पट्टीखाली वेगळं वाद्य आणि प्रत्येकाचा आवाज, लांबी, स्वर वेगळा साठवलेला. म्हणून किट एडिट करायला घेतलं की कीबोर्ड आधी विचारतो, कोणती पट्टी? बऱ्याच मॉडेलवर ती पट्टी दाबली की स्क्रीनवर तिचंच पान उघडतं. त्या पानावर जे काही कराल ते त्या एका वाटीपुरतं. हळदीत मीठ पडलं म्हणून मोहरी बिघडत नाही.

कोणती वाटी कुठे, हे मात्र आपल्या मर्जीवर नाही. १९८३ साली मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. पुढे १९९१ मध्ये 'जनरल मिडी' हा करार झाला. त्यात ठरलं की तालवाद्यं दहाव्या चॅनेलवर राहतील आणि ३५ ते ८१ या क्रमांकांच्या पट्ट्यांवर ४७ आवाज ठरलेल्या जागी बसतील. म्हणून यामाहा घ्या, रोलँड घ्या, कॉर्ग घ्या, स्टँडर्ड किटमधला बेस ड्रम ३६ वरच सापडतो.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर अगदी डावीकडची पहिली पट्टी म्हणजेच ३६. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकखाली बेस ड्रम, काळी एकखाली स्नेअरच्या (तारा लावलेल्या चपट्या ड्रमच्या) कडेवर मारलेली काडी, पांढरी दोनखाली स्नेअर, काळी दोनखाली टाळी, पांढरी तीनखाली आणखी एक स्नेअर. मग गंमत येते. काळी तीन, काळी चार आणि काळी पाच या तिन्हींखाली एकच वाद्य आहे, हायहॅट. बंद, पायाने मिटलेली आणि उघडी. पांढरी चारपासून पुढच्या सहा पांढऱ्या पट्ट्यांवर टॉम, म्हणजे तारा नसलेले ड्रम, जाड्यापासून बारीकपर्यंत. आणि ज्याने माझी अब्रू घेतली तो टॅम्बोरिन दुसऱ्या सप्तकातल्या काळी तीनवर, क्रमांक ५४.

इथे एक खड्डा आहे, त्यात मीही पडलोय. ३६ क्रमांकाच्या त्याच पट्टीला यामाहाच्या पुस्तकात 'सी १' म्हणतात आणि रोलँडच्या पुस्तकात 'सी २'. सप्तक मोजायची सुरुवातच दोघांची वेगळी. कोणी व्हिडिओत सांगितलं 'सी २ वर ढोलकी टाका', तर आधी विचारा, कोणाचं सी २? क्रमांक कळला की भानगड मिटते.

एका वाटीत काय असतं

पूर्वी तालयंत्रात रेकॉर्ड केलेला आवाज नसायचाच. १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ मध्ये बेस ड्रम कोणी वाजवून भरलेला नव्हता, तो विजेच्या सर्किटमधून घडायचा आणि त्याची लांबी एका बटणाने वाढवता यायची. धुमालच्या, म्हणजे आमच्याकडच्या मिरवणुकीतल्या बँडच्या गाडीवर छातीत घुमणारा जो लांब 'बूऽऽम' ऐकू येतो, तो याच घराण्यातला. आज आपल्या हातातल्या बहुतेक कीबोर्डांत मात्र खऱ्या वाद्याचं रेकॉर्डिंग असतं. त्याला सॅम्पल म्हणतात. पट्टी दाबली की ते सॅम्पल वाजतं, आणि आपण बदलतो ते त्याला वाजवायची रीत.

काही मॉडेलांत एका पट्टीखाली एकापेक्षा जास्त सॅम्पल एकावर एक ठेवता येतात. याला लेअर म्हणा. बुवांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: खालच्या थरात कातड्यासारखा आवाज, वरच्या थरात झांजा. पहिल्यांदा मी स्वतः काही रेकॉर्ड न करता हेच केलं. किटमध्येच बोंगोची थाप होती (६० आणि ६१ वर बसते), ती घेतली आणि तिच्यावर टॅम्बोरिन ठेवला. ऐकायला बरं, पण खरं नाही. बोंगोला एक गोड टुणकार असतो, खंजिरीला नसतो. तो टुणकार काढायला जी गोष्ट कामी आली तिचं नाव डीके.

डीके म्हणजे थाप पडल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते. माझं मत विचाराल तर अख्ख्या किट एडिटमधलं हे सर्वांत कामाचं बटण आहे आणि लोक त्याच्याकडे सर्वांत कमी बघतात. आवाज आवडला नाही की सगळे लेव्हल वाढवतात. लेव्हल वाढवून बोंगोची खंजिरी होत नाही, बोंगो मोठा होतो. डीके कमी केला की शेपूट कापली जाते आणि नुसती थाप उरते. टुणकार शेपटीतच होता, तो गेला. झांजांच्या थराचा डीके मी हात न लावता तसाच लांब ठेवला, कारण खऱ्या खंजिरीतही कातडं लगेच गप्प होतं आणि झांजा मागून किणकिणत राहतात.

हेच बेस ड्रमला लावून बघा. घरी हेडफोनवर लांब बेस फार झकास वाटतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हंगाम लागतो, वडशाच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावी मुक्काम टाकतात, तेव्हा मीही अधूनमधून बसतो. तिथल्या मोठ्या बेसच्या पेट्यांवर तोच किक, म्हणजे बेस ड्रम, लावला तर एकाची शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर पडते आणि तालाचा चिखल होतो. साउंडवाला म्हणतो बेस जास्त आहे, आपण बेस कमी करतो, ताल आणखी मरतो. खरं दुखणं लांबीत असतं. डीके आखडला की तोच किक स्वच्छ ठोका देतो.

ट्यून या बटणाबद्दल एवढं कळलं तरी पुरे की ते रेकॉर्डिंग वेगाने किंवा सावकाश फिरवतं. एक सप्तक म्हणजे बारा पट्ट्या खाली नेलं तर वेग निम्मा, म्हणून अर्ध्या सेकंदाचा आवाज एक सेकंदाचा होतो. बारा वर नेलं तर उलट. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत कान फसतो. त्यापुढे ढोलकी कार्टूनमधली वाटायला लागते.

एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याने मिटायचं

हायहॅट हे वाद्य पाहिलं नसेल तर असं डोळ्यांपुढे आणा: दांड्यावर दोन झांजा एकावर एक, पायाने दाबल्या की मिटतात, पाय सोडला की उघडतात. ती एकाच वेळी उघडी आणि बंद असूच शकत नाही. पण कीबोर्डला हे आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी काळी तीन आणि काळी पाच या दोन वेगळ्या वाट्या. म्हणून त्यांना एका गटात टाकतात, म्यूट ग्रुप. एका गटातली एक पट्टी वाजली की त्याच गटातली दुसरी तिथल्या तिथे गप्प. उघड्या हायहॅटचा 'त्स्सऽऽ' चालू असताना बंद हायहॅट मारा, तो कापला जातो. कंपनीने हायहॅटला हे आधीच करून दिलेलं असतं. आपण नव्या पट्टीवर नवा आवाज टाकतो तेव्हा ते राहून जातं आणि मग सगळं एकमेकांत मिसळतं.

खंजिरीत याचा उपयोग असा. एका पट्टीवर मोकळी थाप, शेजारच्या पट्टीवर दाबलेली थाप. धरलेल्या हाताची बोटं आतून कातड्यावर टेकली की आवाज बसका होतो, ती दाबलेली. दोन्ही एका गटात टाकल्या आणि लगेच वाजवणाऱ्याचा हात दिसायला लागला. फक्त या गटात झांजा घेऊ नका. बोटाने कातडं गप्प होतं, झांजा होत नाहीत. त्या वेगळ्या पट्टीवर, गटाबाहेर. आणखी बारीक काम करायचं असेल तर हीच रीत ढोलकीच्या धूमेवर चालते, घुमारा आणि बंद बोल एका गटात.

जोर मोजला जातो

पट्टी किती जोराने दाबली हे कीबोर्ड १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतो. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. साध्या किटमध्ये आकडा वाढला की फक्त आवाज मोठा होतो. खऱ्या वाद्यात तसं नसतं. हळू थाप आणि कडक थाप यांचा पोतच वेगळा. म्हणून थर लावता येत असतील तर जोराप्रमाणे वाटून घ्या, समजा ७० पर्यंत हळू थापेचं सॅम्पल, ७१ पासून कडक. हा आकडा पवित्र नाही. माझा हात जड आहे म्हणून मी ८५ वर ठेवलाय.

जिथे थर नाहीत तिथे एक गावठी उपाय आहे आणि तो चांगला चालतो. एकच थाप पाठोपाठ वाजली की प्रत्येक ठोका हुबेहूब एकसारखा येतो, शिलाई मशीन चालल्यासारखा. माणूस असा वाजवत नाही. म्हणून त्याच थापेची दोन वेगळी रेकॉर्डिंगं शेजारच्या दोन पट्ट्यांवर ठेवायची आणि दोन बोटांनी आलटून पालटून वाजवायचं. दोन थापांत केसाएवढा फरक असतो, आणि त्या केसानेच कान फसतो.

कापसाच्या खोलीत

शेवटी खरी खंजिरी भरायची ठरवलं. तुमच्या कीबोर्डात बाहेरचा आवाज घ्यायची सोय आहे का, हे आधी बघा. मेन्यूत सॅम्पल इम्पोर्ट किंवा तशा अर्थाचं काही असतं, रोलँड एक्सपीएस-३० वर ते आहे. स्वस्त मॉडेलांत किट फक्त निवडता येतं, आत हात घालता येत नाही, तिथे हे सगळं प्रकरण थांबतं.

रेकॉर्डिंगचा खरा शत्रू खोली असते. सिमेंटच्या घरात थाप मारली की भिंतीवरून परत येते आणि ती परतलेली थापही सॅम्पलमध्ये बसते. मग ती कोणत्याही बटणाने निघत नाही. शहरात लोक भिंतींना फोम लावतात. आमच्याकडे जानेवारीत भाव वाढेल या आशेवर कापूस घरातच पडून असतो, एक अख्खी खोली छतापर्यंत भरलेली. तिच्या दारात बसून मी टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी मेला. याहून चांगला स्टुडिओ मला पैसे देऊन मिळाला नसता. भावाचं दुःख वेगळं.

मोबाइल दोन हात लांब ठेवला. जवळ ठेवला की कडक थाप फाटते आणि फाटलेली थाप शिवता येत नाही. फोनमध्ये गोंगाट कमी करायची सोय चालू असेल तर बंद करा, ती झांजांची शेपूट गोंगाट समजून खाऊन टाकते. फोन साधारणपणे आवाज दाबून छोटी फाइल करतो, कीबोर्डला मात्र वेव्ह फाइल लागते, बहुधा ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची. याचा अर्थ एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापं आणि प्रत्येक मापाला दोन बाइट. एकेरी आवाजाचा एक सेकंद म्हणजे ८८,२०० बाइट. आठ थापा अर्ध्या-पाऊण एमबीत मावतात, जागेची काळजी नको.

काळजी घ्यायची ती कापण्याची. थापेच्या आधी जी शांतता राहते ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा. सॅम्पलच्या सुरुवातीला ३० मिलिसेकंद रिकामे राहिले तर तुमची प्रत्येक थाप त्या हिश्श्याच्या पावभर उशिरा येईल. तुम्ही म्हणाल कीबोर्ड जड झाला, बाकीचे म्हणतील तुमचा हात चुकतोय. म्हणून फाइल मोठी करून थापेच्या मुळाशी कापा. शेवट मात्र घाईने कापू नका, झांज पूर्ण विरू द्या.

कुठे ठेवायचं, आणि ठेवल्यावर

नवी थाप स्नेअरच्या जागी टाकायचा मोह होतो, तिथे हात सवयीने जातो. टाकू नका. स्टाईल म्हणजे तयार ठेका, आणि तो आवाज पाठवत नसतो, क्रमांक पाठवत असतो: आता ३६, आता ४२, आता ३८. ३८ वर खंजिरी बसवली तर ते किट वापरणारी प्रत्येक स्टाईल स्नेअरच्या जागी खंजिरी बडवेल. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी हे ऐकवलेलं आहे, पुन्हा ऐकवायची इच्छा नाही. खाली सगळं जसंच्या तसं ठेवा आणि आपले आवाज वर, ८१ च्या पुढच्या पट्ट्यांवर बसवा. पॅडवाल्याशी, म्हणजे काडीने इलेक्ट्रॉनिक चौकोन वाजवणाऱ्याशी, मिडी केबलने जोडायचं असेल तरी हाच हिशोब. केबलमधून आवाज जात नाही, कोणती पट्टी आणि किती जोराने एवढंच जातं. पॅडच्या त्या चौकोनाला तुमचा क्रमांक दिला आणि चॅनेल जुळवला की त्याची काडी तुमची खंजिरी वाजवते.

आणि राइट करा, म्हणजे मेमरीत साठवा. एडिट केलेलं किट राइट केल्याशिवाय बंद पडणाऱ्या मशीनमध्ये टिकत नाही, आणि आमच्याकडे लाइट विचारून जात नाही. माझा पहिला तीन तासांचा उद्योग असाच अंधारात गेला. दुसरा गेला तालुक्याच्या गावच्या एका दुकानात, इंडियन टोन टाकून देतो म्हणून त्याने पेनड्राइव्हवरून पूर्ण बॅकअप चढवला. पूर्ण बॅकअप म्हणजे त्याचं सगळं आलं आणि माझं सगळं गेलं. तेव्हापासून पेनड्राइव्ह पेटीच्या खिशात असतो.

मंडपातली एक बारीक गोष्ट राहिली. हेडफोनच्या भोकात साधी एकेरी पिन घालून मिक्सरला जोडलं की उजवी बाजू गायब होते. किटमध्ये उजवीकडे ठेवलेले आवाज त्याबरोबर जातात आणि आपण हायहॅट कुठे गेली म्हणून मेन्यू उलटापालटा करतो. मागच्या एल/मोनो भोकातून एकच वायर काढा, आणि आपल्या आवाजांचा पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण, मध्यावर ठेवा. रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखी गुंज, उघड्या मैदानात थोडा चढवा, सभामंडपाच्या स्लॅबखाली शून्य.

एवढं सगळं करून फेब्रुवारीत मी बुवांकडे कीबोर्ड घेऊनच गेलो. जय गुरू झालं, चहा झाला. मी मोकळी थाप वाजवली, दाबलेली वाजवली, झांजा वाजवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, 'कातडं आलं. पण ओलं हाय. कवा भरलं?'

सकाळी सहाला भरलं होतं, दवात. ट्यून दोन पट्ट्या वर नेऊन बघितलं, कातडं ताणलं गेलं पण झांजा चिरक्या झाल्या. बुवा उठले, आपली खंजिरी खुंटीवरून काढली, अंगणातल्या चुलीवर लांबून फिरवून तापवली, बोटाने टिचकी मारत राहिले, आणि टिचकीचा आवाज टणक झाल्यावर माझ्या हातात देत म्हणाले, 'चाल, कापसाच्या खोलीत. थंडी व्हायच्या आत भर.'